रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग गाडीवर उडाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस थांबला, खड्डे बुजले, कुठे नवं डांबर पडलं की दसऱ्याच्या सुमारास पट्टे मारायची कामं निघतात. ओल्या रस्त्यावर पट्टा धरत नाही, त्यामुळे पुढच्या पावसापर्यंतच काय ते उरकायचं असतं. त्यात एखाद्या बड्या पाहुण्याचा दौरा ठरला तर अख्खा रस्ता एका रात्रीत रंगतो आणि सकाळी आमचे फोन वाजायला लागतात. पुण्यात गाड्या धुणं, पॉलिश करणं हा माझा धंदा. फोनवर तीच तीच उत्तरं द्यावी लागतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत.

आत्ताच ओल्या पट्ट्यावरून गाडी गेली. आधी काय करू?

वेग कमी करा. टायरला लागलेला रंग चाकाच्या वेगामुळे भिरकावला जातो. हळू चालवलीत तर बराचसा टायरलाच राहतो. साठ-सत्तरने दामटलीत तर चाकाच्या कमानीत, दाराखालच्या पट्टीवर, मागच्या बंपरवर, सगळीकडे नक्षी उमटते. शक्य असेल तर रस्त्याच्या कडेच्या मातीवरून गाडी थोडं अंतर हळू न्या. टायरवरचा ओला रंग माती खाते.

मग घरी न जाता थेट जवळचं वॉशिंग सेंटर गाठा आणि प्रेशरच्या पाण्याने कमानी, पट्ट्या, मडफ्लॅप धुऊन घ्या. तिथल्या पोराला आधीच सांगा की फडकं मारायचं नाही, नुसतं पाणी. पहिल्या तासाभरात जो रंग पाण्याने जातो, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस मोडतो. घाई करायची ती एवढ्या एका तासातच. त्यानंतर घाईने काहीही मिळत नाही, उलट जातं.

एक अपवाद आहे. पट्टा गरम थर्मोप्लास्टचा (वितळवून ओढायच्या मालाचा) असेल, म्हणजे शेजारी धूर निघणारी भट्टीची गाडी उभी असेल, तर चिकटलेल्या लगद्याला हात लावू नका. भाजेल. तो काही मिनिटांत आपोआप कडक होतो, त्याला होऊ द्या.

पट्ट्याचा रंग म्हणजे ऑइलपेंटच ना?

कधी असतो, बहुतेकदा नसतो. इथेच निम्मे लोक चुकतात, कारण रंग कोणता यावर तो कशाने निघणार हे ठरतं.

हायवेवर आणि मोठ्या शहरी रस्त्यांवर जो जाड, हाताला उंचवटा लागणारा पट्टा दिसतो तो थर्मोप्लास्ट. याला रंग म्हणायचं ते सवयीने. ही राळ, चुनखडीची पूड, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि काचेचे मणी यांची कोरडी पूड असते. ती भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत वितळवतात आणि रस्त्यावर सुमारे अडीच मिलिमीटर जाडीने ओढतात. गार झाली की झालं. वाळणं हा प्रकारच नाही, मेणबत्तीसारखं गोठणं आहे. म्हणून हा गाडीवर बारीक शिंतोड्यांनी उडत नाही, तर गोळे, धागे आणि चपट्या पापुद्र्यांनी चिकटतो.

दुसरा, थंड लावायचा रंग. हा डब्यातून येतो, पंपाने किंवा ब्रशने मारतात, दिसायला पातळ असतो. गल्लीतले स्पीडब्रेकर, दुभाजकाचे काळे-पांढरे चौकोन, पार्किंगच्या रेघा, गावातल्या रस्त्याची मधली रेघ, सगळीकडे हाच. याचे शिंतोडे खरे शिंतोडे असतात, मोहरीएवढे, शेकड्यांनी. यातही दोन जाती आहेत. काही रंग नुसते द्रावक उडून वाळतात. त्यांना तसंच द्रावक पुन्हा मिळालं की महिन्याभरानेही मऊ पडतात. काही मात्र ऑइलपेंटसारखे हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून घट्ट होत जातात. त्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांत गाठलं तर ठीक, पंधरा दिवसांनी ते गाडीच्या रंगाशी नातं जोडून बसलेले असतात.

सोसायटीत रंगारी आणून मारलेल्या रेघा तर कधी कधी खरोखरच दुकानातला इनॅमल असतो, जिन्याच्या ग्रिलला उरलेला.

माझ्या गाडीवर कोणता आहे हे घरी कसं ओळखू?

मोबाइलचा टॉर्च डागावर आडवा धरा. बारीक काचेसारखं चमचम करत असेल आणि डाग अंगाने जाड असेल तर थर्मोप्लास्ट. नखाने कडेला हळूच दाबून बघा: मेणासारखा पापुद्रा उचलला जातोय असं वाटलं तर शंकाच नको.

डाग चपटा, गुळगुळीत आणि नखाला दाद न देणारा असेल तर डबा-रंग. आता कान साफ करायची काडी घ्या, ती मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवा (हार्डवेअरच्या दुकानात नुसतं टर्पेंटाइन किंवा एमटीओ म्हणून मिळतं) आणि एकाच डागावर टेकवून धरा. फिरवू नका, टेकवून धरा. मनात शंभरपर्यंत मोजा. काडी उचलल्यावर कापसाला पांढरा किंवा पिवळा रंग लागला असेल तर तुमचं नशीब चांगलं, बाकीचे डागही याच वाटेने जातील. कापूस कोरा राहिला तर तीच परीक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा. पाण्यात कालवून बनवलेले अॅक्रिलिक रंग टर्पेंटाइनला भीक घालत नाहीत, पण अल्कोहोलने फुगून सुटतात.

ही परीक्षा दाराखालच्या कडेला, चटकन न दिसणाऱ्या जागी करा. बॉनेटवर प्रयोग नको.

जोर लावून घासलं तर निघणार नाही का?

निघेल. रंग निघेल आणि त्याच्याबरोबर गाडीचा तजेलाही.

रात्री हेडलाइटचा उजेड पडल्यावर पट्टा चमकतो तो त्यातल्या काचेच्या मण्यांमुळे. मणी म्हणजे साखरेच्या दाण्याहूनही बारीक गोळ्या. उजेड त्यांच्यात शिरतो, मागच्या रंगावर आपटतो आणि आला त्याच दिशेने, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे परततो. थर्मोप्लास्टच्या मिश्रणात वजनाने तीस ते चाळीस टक्के मणीच असतात आणि पट्टा ओला असताना वरूनही आणखी शिंपडतात. थंड रंगावरही बऱ्याचदा मणी टाकलेले असतात. म्हणजे तुमच्या दारावरचा तो पांढरा ठिपका हा रंगाचा ठिपका नाही, काचेचा भुगा कालवलेला रंग आहे.

आणि तो बसलाय कशावर? गाडीच्या सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. काच त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. अख्खा मणी निदान घरंगळतो, पण टायरखाली चिरडलेला मणी म्हणजे सुरीच.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक आपली पांढरी हॅचबॅक घेऊन आले होते. डाग एकही नव्हता. काकांनी सगळे स्वतः काढले होते, भांड्यांच्या हिरव्या घासणीने, दोन दिवस खपून. दोन्ही डाव्या दरवाजांवर हातभर लांबीचे गोल गोल ढग. पांढऱ्या गाडीवर सावलीत कळत नव्हतं, उन्हात आणली आणि काका स्वतःच म्हणाले, “डाग बरे होते हो.” रंग काढायला आम्हाला तीन तास लागले असते. ओरखडे काढायला दीड दिवस लागला, आणि दोन खोल ओरखडे आम्ही मुद्दाम तसेच ठेवले, कारण ते काढायचे तर क्लिअर कोट धोक्यात आला असता.

आठवडा झाला, डाग कडक झालेत. आता कसे काढायचे?

सावलीत, गार पत्र्यावर, सकाळच्या वेळी. पत्रा तापलेला असेल तर द्रावक डागात मुरण्याआधीच उडून जातं आणि तुम्ही उगाच बाटली रिकामी करता.

आधी गाडी शांपूने नीट धुवा. धूळ राहिली तर पुढचं सगळं काम सॅंडपेपरचं होतं. मग सुती कापडाचे किंवा टिश्यूचे छोटे तुकडे टर्पेंटाइनमध्ये भिजवून डागांवर चिकटवा, तापाच्या वेळी कपाळावर पट्टी ठेवतो तसे. वरून प्लॅस्टिकचा तुकडा दाबलात तर उडणार नाही. पाच मिनिटांनी एक पट्टी उचलून बघा. डाग फुगलेला, सुरकुतलेला दिसला की मायक्रोफायबरने एकाच दिशेने उचलून घ्या. कापड प्रत्येक वेळी नव्या कोपऱ्यावर. निघाला नाही तर पुन्हा पट्टी, पुन्हा पाच मिनिटं. जोर वाढवायचा नाही, वेळ वाढवायची.

आमच्याकडे डांबर काढायचं तयार लिक्विड वापरतात, तेही चालतं. त्याचा स्वभाव टर्पेंटाइनसारखाच असतो. डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट सोडवायचा स्प्रे) सुद्धा चालतो, पण तो सौम्य असल्याने वेळ जास्त घेतो. त्याचा फायदा असा की तो चटकन उडत नाही, ओला राहतो.

थर्मोप्लास्टच्या गोळ्याला वेगळी चाल. हा उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे केस वाळवायच्या ड्रायरने थोडा कोमट करा. वितळवायचा नाही, तो काही ड्रायरने वितळणारही नाही, नुसता लवचिक करायचा. मग बँकेचं जुनं कार्ड मायक्रोफायबरमध्ये गुंडाळून त्याची कड डागाखाली सरकवा. बहुतेक वेळा वरचा गोळा एकसंध निघून येतो आणि खाली पातळ कड उरते, ती टर्पेंटाइनच्या पट्टीने. कारागिराची हीट गन मात्र नको. ती गाडीचा रंगही उकलते आणि प्लॅस्टिकचा बंपर वाकवते.

एक जागा साफ झाली की ती लगेच शांपूने धुवा. द्रावक खाली सांध्यात, रबरात साचू देऊ नका.

आणि हे सगळं मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, गरम सायलेन्सरपासून लांब. बिडी-सिगारेट नंतर.

व्हॅसलीन लावून ठेवलं तर रंग निघतो म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण जादू नाही. व्हॅसलीन हे पेट्रोलियमचं तेलकट रूप. ते जाड थापलं की रात्रभर डागाला ओलं धरून ठेवतं आणि कडेने हळूहळू आत शिरतं. आठवड्याच्या आतला, ऑइलपेंट जातीचा डाग असेल तर सकाळी प्रेशरच्या पाण्याने बराच जातो. जुन्यावर फारसा फरक पडत नाही. मला ते आवडतं ते एका कारणासाठी: त्याने कोणाच्याही गाडीचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही. द्रावकाला हात लावायची भीती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी. फक्त लावलेली गाडी रस्त्यावर काढू नका, सगळ्या शहराची धूळ त्यावर बसेल.

थिनर, पेट्रोल, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर?

थिनरबद्दल माझंच ऐका, कारण ते मी भोगलंय. धंदा नवीन होता. एका ग्राहकाच्या लाल सेडानच्या मागच्या बंपरवर पिवळे शिंतोडे होते. टर्पेंटाइनने वेळ लागत होता, गिऱ्हाईक समोर उभं, मी कापडावर एनसी थिनर (रंगकामाचं जहाल द्रावक) घेतलं. पहिला डाग सुरेख निघाला. दुसऱ्याला कापड लाल झालं. बंपर कधीतरी बाहेर कुठे तरी रंगवलेला होता आणि तो रंग स्वस्तातला, थिनरमध्येच पुन्हा विरघळणारा. तळहाताएवढा भाग मॅट झाला. अख्खा बंपर माझ्या खर्चाने पुन्हा रंगवून दिला.

कंपनीचा भट्टीत पकवलेला रंग किंवा नीट केलेला टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारलेला) थिनरचा क्षणभराचा स्पर्श सोसतो. पण तुमच्या गाडीचा कोणता भाग कधी रंगवलाय हे तुम्हालाच माहीत नसतं, सेकंडहँड घेतली असेल तर मुळीच नाही. म्हणून थिनर नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेकदा अॅसिटोन असतं, म्हणजे थिनरचाच भाऊ. प्लॅस्टिकवर तर ते अजिबात नको. पेट्रोल चालतं की नाही हा प्रश्न नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीत पेट घेते, म्हणून नाही. रॉकेल आता सहज मिळतही नाही. घरात जुनं असेल तर डांबराच्या ठिपक्यांवर काम करतं, पट्ट्याच्या रंगावर रडतखडत, आणि मागे चिकट थर ठेवतं.

क्ले बार वापरू का?

शेवटच्या टप्प्याला, हो. क्ले म्हणजे पत्र्यावरची खरखर उचलणारी, कणकेसारखी मऊ वडी. द्रावकाने मोठा ऐवज निघाल्यावर बोट फिरवलं की खरखर लागते, ती काढायला क्ले उत्तम. शांपूचं पाणी भरपूर मारायचं, क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा, दर दोन-चार फेऱ्यांनी उलगडून बघायचा आणि घडी घालून नवी बाजू घ्यायची. इथे ही घडी घालणं नेहमीपेक्षा दहापट महत्त्वाचं, कारण क्लेमध्ये अडकलेला काचेचा मणी तुम्हीच पुढच्या जागेवर फिरवत असता. क्ले जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या. महाग आहे म्हणून धुऊन वापरणारे पाहिलेत; गाडी त्याहून महाग आहे.

जाड डागावर थेट क्ले घासू नका.

चाकाच्या कमानीतलं काळं प्लॅस्टिक पांढरं ठिपकेदार झालंय.

सगळ्यात जास्त रंग इथेच बसतो आणि सगळ्यात कमी काळजी याचीच करायची. हे काळं प्लॅस्टिक म्हणजे फेंडर लायनर. तो बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, म्हणजे आपल्या बादल्या-टबांचं प्लॅस्टिक. याला कुठलाच रंग धड धरत नाही. बादलीवर ऑइलपेंटने नाव लिहिलंय कधी? महिन्यात पोपडे निघतात. तसंच इथे. गुळगुळीत लायनर असेल तर हिवाळ्यातल्या सकाळी, प्लॅस्टिक गार असताना, मागून दाबून जरा वाकवा. थर्मोप्लास्टचे पापुद्रे टणटण उडतात. उरलेले नायलॉनच्या ब्रशने.

काही गाड्यांत लायनर जाड नमद्यासारख्या कापडी मटेरियलचा असतो. त्यात मुरलेला रंग निघत नाही, तो भाग बदलायचा किंवा विसरायचा. दाराखालची आणि कमानीच्या कडेची खडबडीत काळी पट्टी मात्र डोळ्यांना टोचते. तिच्या खाचांत रंग बसतो; टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. नंतर ती जागा भुरकट दिसते, तिथे प्लॅस्टिकचं ड्रेसिंग लावा.

टायर, अलॉय आणि ब्रेक?

टायरची चिंता नको, शे-दोनशे किलोमीटरमध्ये रस्ताच घासून काढतो. साइडवॉलवरचा रंग कडक ब्रश आणि साबणाने. टायरवर द्रावक ओतू नका, रबर त्याने खराब होतं.

अलॉयवरही बऱ्याचदा बाहेरच्या पत्र्यासारखाच क्लिअर कोट असतो, त्यामुळे तीच पद्धत. पण अलॉयच्या मागे ब्रेकची डिस्क आहे. तिच्यावर किंवा पॅडवर डब्ल्यूडी-४०, व्हॅसलीन, टर्पेंटाइन, काहीही तेलकट गेलं तर ब्रेक लागणार नाहीत. हे मी गमतीने लिहीत नाही. चाकाजवळ स्प्रे मारायचाच नाही, कापडावर घेऊनच लावायचं. चुकून डिस्कवर उडालं असेल तर ब्रेक क्लीनरने साफ करून, मोकळ्या जागी हळू चालवत ब्रेक तपासा. पॅड भिजले असतील तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

काच आणि हेडलाइट?

काच सोपी. साबणाचं पाणी लावा, नवं ब्लेड आडवं धरा, डाग सरकवा. काचेवर कोरडं ब्लेड नाही, आणि फिल्म लावलेल्या काचेच्या आतल्या बाजूला तर अजिबात नाही.

हेडलाइट काचेसारखा दिसला तरी तो पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचा आहे. थिनर किंवा अॅसिटोन लागलं की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्या जातात, कधी लगेच, कधी चार दिवसांनी. तिथे व्हॅसलीन, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. दाराच्या रबरांनाही फक्त अल्कोहोलचा ओला बोळा.

गाडीला पीपीएफ किंवा सिरॅमिक कोटिंग आहे.

पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म, असेल तर ज्यांनी लावली त्यांनाच आधी विचारा. द्रावकाने फिल्म पिवळी पडते, कडेचा गोंद सुटतो. फार झालं तर तेवढा तुकडा बदलता येतो, आणि फिल्म लावायचा उद्देशच तो होता. सिरॅमिक, म्हणजे रंगावर मारलेला पातळ संरक्षक थर, असेल तर शिंतोडे मुळातच कमी चिकटतात. पण द्रावक आणि क्ले झाल्यावर त्या जागचं कोटिंग झिजलं असं धरून चाला आणि तेवढ्या पॅनेलवर पुन्हा मारून घ्या.

रंग निघाला, पण जागा निस्तेज दिसते.

ओला डाग बराच काळ बसला असेल तर त्यातलं द्रावक क्लिअर कोटमध्ये थोडं उतरतं आणि डागाच्या आकाराची सावली उरते. आधी दोन दिवस थांबा. खूपदा ती उन्हात, हवेत आपोआप हलकी होते. नाही झाली तर बारीक पॉलिश आणि फोमचा पॅड, हातानेच, तेवढ्या जागेवर. मग वॅक्स, कारण द्रावकाने जुनं वॅक्स पुसलेलं असतं.

“सर, अख्खी गाडी बफिंग (मशीनने पॉलिश) मारून टाकू” असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. दर बफिंगला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. शिंतोडे खालच्या फूटभरात असतात. बॉनेट आणि छप्पर कशाला झिजवायचं? मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावायचंच नाही, ती जागा चकचकीत होऊन बसेल.

शेजारी दुभाजक की ग्रिल रंगवत होते. गाडीभर बारीक खरखर आहे.

हा शिंतोडा नव्हे, पंपातून वाऱ्यावर उडालेले तुषार. अर्धे हवेतच सुकून येतात, त्यामुळे चिकटतात वरवर. इथे द्रावक जवळपास लागतच नाही, धुऊन सरळ क्ले. काम सोपं, पण छपरापासून डिकीपर्यंत पसरलेलं असतं म्हणून वेळखाऊ. वायपरच्या पट्ट्या पुसायला विसरू नका, नाहीतर तीच खरखर पहिल्या पावसात काचेवर फिरते.

पिवळा रंग पांढऱ्यापेक्षा वाईट का?

निघायला तसा फरक नाही. फक्त काही पिवळ्या रंगांत शिशाचं क्रोमेट वापरलं जात आलंय, म्हणून तो कोरडा घासून भुकटी उडवू नका, ओलाच काढा, आणि नंतर हात धुऊनच जेवायला बसा.

मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्या गाडीवर उडालाय. त्यालाही हेच सांगू?

थोडा बदल करून. तिकडे पट्ट्यांना पाण्याचा अॅक्रिलिक रंग खूप वापरतात आणि तो मुद्दामच काही मिनिटांत वाळेल असा बनवलेला असतो. ओला असेल तर नुसत्या पाण्याने जातो, वाळला की टर्पेंटाइनला जुमानत नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून सुरुवात करायला सांगा.

खर्च कोणाकडून मागायचा? विमा मिळतो का?

कामाच्या जागी शंकू, दोरी, फलक लावलेले असतील आणि आपण त्यांतून गाडी घातली असेल तर चूक आपली, वाद घालून उपयोग नाही. काहीच लावलेलं नसेल तर तिथेच फोटो काढा: ओला पट्टा, शंकूविना रस्ता, गाडीवरचे डाग, आणि कंत्राटदाराची गाडी दिसत असेल तर तिचा नंबर. मग रस्ता कोणाचा ते शोधा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे. राज्याचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. शहरातला महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा वॉर्ड ऑफिसचा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांना काही मिळालं, त्यांना ते ऑफिसातून नाही, कामावरच्या मुकादमाने प्रकरण वाढू नये म्हणून दिलेल्या धुलाईच्या पैशांतून मिळालं.

विम्याचं गणित आधी कागदावर मांडा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर प्रश्नच मिटला. पूर्ण पॉलिसी असेल तर क्लेममधून सक्तीची वजावट होते, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये. वर नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) जातो, जो पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. दोन पॅनेल पुन्हा रंगवायची वेळ आली तर क्लेमचा विचार करा. धुऊन-पुसून निघणाऱ्या डागांसाठी क्लेम करणं म्हणजे बोनस घालवून टर्पेंटाइन विकत घेणं.

स्कूटरवर उडालाय. हीच पद्धत?

पत्र्यावर हीच. स्कूटरचे बरेच पॅनेल प्लॅस्टिकचे असतात आणि स्टिकरही भरपूर. स्टिकरच्या कडेला द्रावक लागलं की तो सुटतो, म्हणून तिथे व्हॅसलीन. हेल्मेटवर उडाला असेल तर कोमट साबणाचं पाणी, बाकी काही नाही. द्रावकाने हेल्मेटचं कवच आतून कमकुवत होतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

फोटो पाठवला तर खर्च सांगाल का?

अंदाज सांगेन. फोटो भर उन्हात काढू नका, सगळं पांढरं दिसतं. सावलीत, टॉर्च आडवा धरून, डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून काढा. दोन्ही बाजू, चारही कमानी. पट्ट्यावरून गेल्याला किती दिवस झाले, रस्ता कोणता होता, आणि आतापर्यंत काय काय लावून पाहिलंत ते खरं खरं लिहा. गाडी पूर्वी कुठे रंगवलेली असेल तर तेही कळवा. ते फोटोत दिसत नाही.